बिनआवाजाची गाडी

डायवर म्हनलं का लोकायले वाटते, शिव्या देनारा मानूस. आमचे देवानंदभाऊ तसे नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी संजीवनी, त्यायच्याच गाडीवर कंडक्टर.

सत्तावीस वर्सं भाऊनं डिझेलची गाडी हाकलली. रोहिणखेडवरून बुलढाण्याची सकाळची फेरी. रस्त्यात बोरवाडीचा चढ. तेथी गाडी अशी कण्हे का साऱ्या गावाले आयकू जाय. घड्याळ कोन पाह्यते! आवाज आला का लोकं चहाचा शेवटचा घोट घेत, चपला घालत, आन गाडी वर येईपर्यंत फाट्यावर हजर. कधी कोनाची गाडी चुकली नाही.

मंग बिजलीची गाडी आली. भाऊ लेकरावानी खुश! धुरानं त्यायले बाराही महिने खोकला. "संजीवनी, तेलाचं झंझट गेलं बाई. आता लोकायले साफ हवा भेटन." घाटात बायायले वकारी येनं बंद झालं. खोटं काऊन बोलू, गाडी चांगलीच हाय. आजबी म्हनते.

पहिला दिवस शनवार. चढ कवा सरला, समजलंबी नाही. फाट्यावर कुत्रं नाही.

"आज कोनीच कसं नाही?" भाऊनं इचारलं.

म्या म्हनलं, "लग्नसराई हाय, गेले असन कुठं. चाला." आन बेल मारली. मीच मारली.

त्या गावात अन्नपूर्णाबाई राहे. हप्त्यातून दोनदा बुलढाण्याले डायलिसिस, जानं आमच्याच गाडीनं. भाऊसाठी कागदात घुगऱ्या बांधून आने. त्या दिवशी बाई पिशी घेऊन वट्यावर तयार बसली व्हती. घर बोळीत, रस्ता दिसत नाही. अकराच्या गाडीनं गेली तवर मशीनवरची पाळी हुकली. पुढची देल्ली मंगळवारची. सोमवारी सकाळीच बाई गेली.

आमाले कोनी काही बोललं नाही. बोलले असते तं बरं झालं असतं.

तवापासून चढ लागला का भाऊ स्टेअरिंग घट्ट धरून इचारते, "जुनी गाडी मांगून येऊन राह्यली का वं?" पहिल्यांदा मी हासली. मंग मलेबी ते कण्हनं आयकू याले लागलं. मांगं पाहो तं रस्ता रिकामा. अंगावर काटा येते, आईशप्पत!

तेराव्याले आमी दोघं बाईच्या घरी गेलो. भाऊनं तिच्या मालकाचे, उकंडरावचे, पाय धरले. "माह्यी चूक झाली दादा. उतरून पाह्याले पाह्यजे व्हतं."

उकंडरावनं त्यायले उठवलं. "तुमची कायची चूक? अन्नपूर्णा दोनदा उठली व्हती. म्हने, येळ झाली, फाट्यावर जाऊन बसते. मीच म्हनलं, बस निवांत, आजून आवाज नाही आला."

म्या पदर तोंडात कोंबला.

आता भाऊ चढाच्या पायथ्याले भोंगा धरते तो फाट्यापर्यंत सोडत नाही. सारा गाव येते. उकंडरावबी बोळीच्या तोंडाशी येते, आन मांगं वळून घराकडं आवाज देते, "चाल वं, गाडी आली!"

उशीर होते, होऊ दे. उकंडराव थोडा वखत तिकडंच पाह्यते, मंग आमाले हात करते, "आज नाही येत म्हनते. जा तुमी." तोवर भाऊ गाडी हालवत नाही.