मंगलच्या कॉम्प्युटरची लग्नसराई

छापखान्यात पत्रिका कापल्या की कटिंग मशीनखाली कागदाच्या पट्ट्यांचा ढीग पडतो. रोज झाडावा, दुसऱ्या दिवशी तेवढाच. आमच्याकडच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. एक सांगायला बसावं तर त्याच्याखालून दुसरा निघतो. मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते आणि माझी नात पुष्पी लिहून घेते. मधेच ती हसत सुटते आणि लिहायचं राहतं, त्यामुळं कुठं शब्द गळला असेल तर तो तिच्या माथी मारा.

कोरेगावच्या पेठेत माझ्या पोराचा, शंकरचा, छापखाना. लग्नपत्रिका हे मोठं काम. शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, एकेक करून जुळवायचे आणि पायानं ट्रेडल मारून छापायचं. शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला माझी सून मंगल सहा महिने एस.टी.नं साताऱ्याला जाऊन कॉम्प्युटर शिकून आली. तिथल्या एका दुकानदारानं तिला एक मशीन दिलं. लग्नसराईभर वापरा, नाही पटलं तर परत नेतो, असा शब्द होता.

शंकरनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ही सराई नीट गेली तर ठेवू. न्हाईतर मशीन साताऱ्याला आणि तू परत चुलीम्होरं."

मंगलनं माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला आणि मशीनला झाकण शिवलं. मी तेव्हाच तिच्या बाजूची झाले.

माझं काम म्हणजे मशीनशेजारी पोतं टाकून बसायचं आणि पत्रिकांच्या घड्या घालायच्या. मंगलनं मजकूर एकदा मोठ्यानं वाचला की माझ्या डोक्यात बसायचा. इकडं यायच्या आधी आमची माणदेशात मेंढरं होती. दोनशे मेंढरांची तोंडं ध्यानात ठेवलेल्या बाईला शंभर माणसांची नावं काय जड? त्यामुळं मशीननं मान टाकली की मंगल माझ्याकडं वळायची. "आत्याबाई, आपण कुठवर आलो हुतो?"

मी म्हणायचे, "नवरदेवाच्या मामापतुर."

*

पहिल्या दिवशी संध्याकाळी मशीन बंद करायचं होतं. मंगलनं बाण नेला तो थेट 'स्टार्ट'वर.

शंकर म्हणाला, "अगं, बंद करायचं म्हणतीस आणि चालू कुठं करतीस?"

"बंद करायचं बटण चालूच्या पोटात हाय."

"कुणी ठेवलं तिथं?"

"ज्यानं केलंय त्यानं."

"आमच्या ट्रेडलवरनं पाय काढला की बंद," शंकर म्हणाला.

मंगलनं दाबलं. पडद्यावर आलं, जरा थांबा, बंद होतोय. आम्ही थांबलो. मग जेवायला बसलो. पिठलं-भाकरी झाली, ताक झालं, मी भांडी घासून आले. ते अजून बंद होतच होतं.

*

पंधरा दिवसांत त्या मशीनचे सगळे रंग बघून झाले. आधी बाण गोठायचा. मग पडदा असा निळा व्हायचा की बघतच राहावं. त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. मला वाचता येत नसलं तरी रंग कळतो. मी लांबूनच ओरडायचे, "मंगल, निळं आलं गं."

शंकर आतल्या खोलीतून ट्रेडलवर हात फिरवत म्हणायचा, "खिळा कवा निळा पडला न्हाई."

एकदा मात्र निळ्याऐवजी पांढरी चौकट आली. त्या वेळी एक हवालदार स्वतःच्या पोरीची पत्रिका घ्यायला खुर्चीत बसले होते. टोपी मांडीवर, चहा हातात. ते म्हणाले, "काय म्हणतंय ते?"

मंगल भोळी. तिनं जसंच्या तसं मराठीत सांगितलं. "म्हणतंय, बेकायदेशीर काम झालंय. आता हे बंद करण्यात येईल."

हवालदारांनी कप खाली ठेवला. टोपी डोक्यावर घातली.

"कुणी केलं?"

"आमी न्हाई वो साहेब. ह्याच्या आतल्यानंच केलंय."

"आत कोण हाय?"

हवालदार उठले, मशीनच्या मागं जाऊन बघून आले, वायरी मोजल्या आणि परत बसले. म्हणाले, "पत्रिका देऊन टाका लवकर. मी हितं नव्हतो."

*

साताऱ्याच्या दुकानाचा मेकॅनिक विलास. पोरगा गुणाचा, पण त्याच्याकडं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. एका सकाळी तो फ्लॉपींची चळत घेऊन आला आणि म्हणाला, "नवीन व्हर्जन टाकायचंय."

मी म्हटलं, "बाबा, हाय ते निम्मंअर्धं तरी चालतंय. कशाला हात लावतोस?"

"आजी, आपण नको म्हणून चालत न्हाई. वरनंच आलंय. जुन्याला आता कुणी इचारणार न्हाई."

तेरा फ्लॉप्या होत्या. एकेक करून तो त्या मशीनला चारत बसला. बाराव्या फ्लॉपीनंतर मशीन तेरावी मागायला लागलं आणि तेरावी खराब निघाली. आता पुढंही जाईना, मागंही येईना. जुनं पुसलेलं, नवीन अर्धं. सराई तोंडावर.

दुसरी फ्लॉपी सांगलीला होती. विलासनं फोन केला. तिकडच्या माणसानं ती कोरेगावच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं दिली. दुसऱ्या दिवशी मंगल आणि मी स्टँडवर उभ्या. कंडक्टर मोठा प्रामाणिक. त्यानं ती फ्लॉपी आईनं पोर द्यावं तशी दोन्ही हातांनी मंगलच्या हातात दिली. दाभणानं आरपार भोक पाडून त्यात सुतळी ओवलेली आणि सुतळीला सामानाचं तिकीट बांधलेलं.

मंगलनं भोकावर बोट ठेवलं.

कंडक्टर म्हणाला, "काळजी करू नका, ताई. कडेला पाडलं असतं तर फाटलं असतं. बरोबर मधोमध पाडलंय."

*

अखेर विलासनं स्वतः सांगलीला जाऊन धड फ्लॉपी आणली आणि तीन दिवसांनी नवीन व्हर्जन बसलं. मशीन सुरू झालं तर पडद्यावर एका कोपऱ्यात घड्याळ, एका कोपऱ्यात कसलीशी पेटी.

मी विचारलं, "विलास, हे कुणी मागवलं?"

"मागवायचं नसतंय, आजी. व्हर्जन बदललं की आपोआप येतंय."

आपोआप आलेलं मी मोजत गेले. जे गेलं ते मात्र दुसऱ्या दिवशी कळलं. मंगलनं आधी करून ठेवलेली एक पत्रिका उघडली, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी, आकडे, टिंबं, उलटी प्रश्नचिन्हं. तेवढ्यात ज्याची पत्रिका तो गृहस्थ आला. जतकडचा माणूस, पोरगी बॉर्डरपलीकडं दिलेली. मंगल पडद्यापुढं आडवी उभी राहीपर्यंत त्यानं डोकावून बघितलं.

शंकर कपाळाला हात लावून उभा. आता हा गृहस्थ काय बोलतोय!

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ही कानडी का?"

शंकरनं मंगलकडं बघितलं, मंगलनं माझ्याकडं.

"लय ब्येस केलंत. पाव्हणं कानडीच हायती. शंभर ह्यातल्या द्या."

*

त्या दिवसांत मशीन एकदा असं गोठलं की काही केल्या हलेना. बंद केलं, चालू केलं, विलासला फोन केला. तो म्हणाला, व्हर्जन बदललंय, जरा वेळ द्या. तासभर दिला. मंगल रडकुंडीला आली होती, कारण शंकर आत खिळ्यांच्या खणांवरची धूळ पुसायला लागला होता. म्हणजे परत खिळे जुळवायची तयारी.

एवढ्यात जमीन हलली. कोयनेकडचे धक्के आम्हाला नवे नाहीत, पण हा जरा दमदार होता. भांडी वाजली, कॅलेंडर डोललं, अख्खी पेठ रस्त्यावर. शंकर बाहेर, मी बाहेर, पुष्पी माझ्या कडेवर. मंगल मात्र मशीनला मिठी मारून आतच.

थांबलं तसे आम्ही आत गेलो. बघतो तर मशीन गुणी बाळासारखं चालू. बाण इकडं तिकडं पळतोय.

शंकर म्हणाला, "झ्याक. आता ह्यासाठी रोज कोयनेचा धक्का कुठनं आणू?"

*

सराईची शेवटची पत्रिका बापूरावांची. जवळच्याच गावचे. थोरल्या पोरीचं लग्न. कागद आणला नव्हता, सगळा मजकूर तोंडानंच सांगत होते आणि मंगल टाइप करत होती. निमंत्रकांपाशी आले. स्वतःचं नाव सांगितलं आणि त्याच दमात म्हणाले, "दत्तात्रय."

आणि थांबले.

दत्तू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. बांधावरच्या आंब्यावरून दोघांचं वाजलं होतं. सहा वर्षं झाली, भिंतीला भिंत, पण बोलणं नाही. हे पंचक्रोशीला ठाऊक.

"ते काढा," बापूराव म्हणाले.

मंगलनं काढलं. बापूराव पडद्याकडं बघत होते. म्हणाले, "जागा मोकळी दिसंल का?"

"न्हाई काका. खालची नावं वर सरकली."

"बरं," म्हणाले. जरा वेळानं परत म्हणाले, "बरं."

एकशे बारा नावं झाली. मंगलनं सगळं वाचून दाखवलं. "छापा, उद्या सकाळी नेतो," म्हणून ते गेले. त्यांची पाठ वळली आणि मी बघितलं, निळं आलं.

या वेळी मशीन परत चालू झालं, पण पत्रिका गेली. कुठंच सापडेना. शंकर दारात उभा राहून म्हणाला, "झालं. उद्या सकाळी बापूराव येणार आणि दुपारी विलासला बोलावतो. घेऊन जाऊ दे." रागानंही बोलला नाही, त्यामुळं जास्त लागलं. मंगलनं लुगड्याचं झाकण हातात घेतलं आणि नुसती चुरगाळत बसली.

मी म्हटलं, "ठेव ते. मी सांगते, तू लिव."

सांगत गेले. कुलदैवतापासून. मामा, मावशा, आत्या, पुण्याचे, कराडचे, मिरजेचे. मंगलची बोटं पत्र्यावर पाऊस पडावा तशी वाजत होती. एका नावापाशी ती थांबली. माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, "म्होरं लिव."

तिनं लिहिलं. दिवेलागणीच्या आत छापून, कापून, घड्या घालून सगळं तयार. सकाळी बापूरावांनी गठ्ठे बांधलेलेच नेले.

तिसऱ्या दिवशी ते आले. हातात पत्रिका. शंकर उठून उभा राहिला.

"ही कुणी लिवली?"

शंकरनं मशीनकडं बोट केलं. "ह्यानं, काका. ह्याचं कायबी सांगता येत न्हाई. आजच परत धाडतोय."

बापूरावांनी पत्रिका उघडली. स्वतःच्या नावाखालच्या नावावर अंगठा ठेवला. "भावकीतल्या कुणीतरी ही नेऊन दत्तूला दिली. आज सकाळी दारात आला. सहा वर्सांनी. म्हणला, दादा, मांडवाच्या मेढी कवा रोवायच्या?"

बापूरावांनी पिशवीतून नारळ काढला आणि मशीनपुढं ठेवला. बाहेर रस्त्यावर एक माणूस सायकल धरून उभा होता. नाक अगदी बापूरावांचंच.

"चुकलंय ते, काका," शंकर म्हणाला.

"चुकू दे. ह्याला कुठं धाडू नका."

ते गेले. शंकरनं मंगलच्या हातातलं झाकण घेतलं आणि स्वतः मशीनवर घातलं, चारी कोपरे ओढून. मग माझ्याशेजारी पोत्यावर येऊन बसला.

"आये, दोनशे मेंढरांत तुझं एक कवा चुकलं न्हाई. मग हे नाव आलं कुठनं?"

मी हातातल्या पत्रिकेची घडी घातली.

"व्हर्जन बदललं असंल."