पडदे काढणारा कॅप्टन

आमच्या अमेरिकी लष्करात एक रिवाज होता. छावणीत वरच्या हुद्द्याचा अधिकारी बदलून आला की तो घरं बघत फिरायचा. तुमच्या बैठकीच्या खोलीत उभा राहून "छान आहे हो घर!" म्हणाला, की समजायचं, ते त्याचं झालं. माझा नवरा वॉल्डो थ्रॅशर कॅप्टन होता. मनिला, टेक्सास, कॅन्सस, सगळीकडे आम्ही असेच घर सोडून निघालो. महायुद्धात त्याला तात्पुरतं कर्नल केलं. शांतता होताच पुन्हा कॅप्टन.

"एडना, पडदे काढायला घे," एवढंच तो म्हणायचा.

"अरे, तुला राग कसा येत नाही?"

"रिवाज आहे."

निवृत्तीनंतर ओहायोत आम्ही स्वतःचं घर घेतलं. पडदे मी पहिल्यांदाच खिडक्यांच्या मापाने शिवले. एका रविवारी शेजाऱ्यांचा जावई ओळख करून घ्यायला आला. गणवेशात होता, मेजर, म्हणजे कॅप्टनच्या एक पायरी वर.

"छान आहे हो घर!" तो बिचारा सहज म्हणाला.

मी कॉफी घेऊन आले, तर वॉल्डो खुर्चीवर चढून पडदे काढत होता.