टाकीतलं पोहणं

कसालला हायवेच्या कडेला पुण्याची गाडी थांबली, तेव्हा छाया आणि मी एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या होतो. आम्ही तोंडवलीच्या दोन पोरी. दोघींचेही बाप दुसऱ्याच्या होडीवर मासे मारायला जाणारे. गरिबांच्या मुलांना पोहण्यातून पुढे आणणारी एक संस्था गावात आली आणि तिने आम्हाला निवडलं. बाबा एवढंच म्हणाले, "दोघींनी एकमेकीक सांभाळून रवा." आई मात्र गाडी हलेपर्यंत विचारत होती, "थंय दर्या नाय, मगे टाकीत पेवतल्यात?"

वसतिगृहात रोज अंडी, दूध, शाळा, गादी. त्याला मी नावं ठेवणार नाही. माझं जे भलं झालं ते तिथेच. पण पहिल्याच दिवशी सरांनी दोघींना झापलं. आम्ही मान वर काढून पोहायचो. समुद्रात तसंच पोहतात, लाट कुठून येतेय ते बघायला नको? सर म्हणाले, "इथे लाट नाही. डोकं पाण्यात!" माझी मान वाकली. छायाची वाकेना. "खाली बघलंय की माका फुडचा काय्येक दिसना नाय," म्हणायची आणि धापा टाकायची.

समुद्रात तीच माझ्यापेक्षा सरस होती. तलावात तिचं टायमिंग सुधारेना, आणि तशा पोरींवर खर्च करायला संस्था तयार नव्हती. वर्ष संपताच तिला घरी पाठवलं. गावाने तिच्यावर नापासाचा शिक्का मारला. ती पुन्हा शाळेत गेली नाही. अठरा भरायची तेवढी वाट बघून तिचं लग्न उरकलं. मी इकडे मेडल्स आणत होते. फोनवर आई छायाचा विषयच टाळायची. मला राग यायचा, पण कुणावर काढायचा ते कळायचं नाही.

आता मी त्याच संस्थेत कोच आहे. गेल्या मे महिन्यात ट्रायल घ्यायला तोंडवलीला गेले, तर किनाऱ्यावर छाया तिच्या मुलीला घेऊन उभी. पोरगी मान वर काढून सपासप गेली, सगळ्यांच्या पुढे. छाया तिच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"हिका घे," ती म्हणाली. मग अगदी जवळ येऊन, "पण घेतलंस तर परत धाडू नको गो. थंय भांडी घासूंदे, काय्येक करूंदे. परत नको."

मला हो म्हणता आलं नाही. कुणाला ठेवायचं ते ऑफिस ठरवतं. तरी पोरीला मी घेऊन आले.

गाव सोडलेले आपण सगळे मनाशी म्हणतो, नाहीच जमलं तर घर आहेच. रडणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला मीही तेच सांगत आले. परवा छायाच्या लेकीने विचारलं, "मावशी, माका जमला नाय तर?"

घर आहेच, हे माझ्या तोंडून निघालं नाही.