गौरींपुढचा रूळ

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरी छत्रीचा एकच उपयोग झाला. मी तिचे रूळ केले.

मेहुण्याने मुंबईहून चावीची आगगाडी आणली होती. तिचे रूळ म्हणजे जेमतेम परातीएवढं रिंगण. बायकोने मात्र गल्लीभर सांगून ठेवलं, "यंदा आमच्या गौरींभोवती गाडी फिरणार!" दोन्ही गौरी शेजारीशेजारी उभ्या, त्यामुळे रिंगण दोन्हीकडून ओढून लांबवायला हवं होतं. नागापूरच्या कारखान्यात मी फिटर, म्हणजे लोखंडातलं मला कळतं असा घरात समज होता.

सायकलचा आरा लावून पाहिला, चाक घसरलं. पत्र्याची पट्टी वाकली. छत्रीची काडी मात्र बरोब्बर! सरळ, ताठ आणि मधे खोबण. चार काड्यांत काम भागत होतं. तिथेच थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण म्हटलं, खरा रूळ कसा असतो ते एकदा बघावं. गेलो फाटकापाशी. तिथे रेल्वेचा एक गँगमन नटबोल्ट आवळत होता.

"दादा, सांध्यात ही फट कशाला?"

"उन्हात लोखंड फुगतंय, सायेब. फट न्हाई ठिवली तर रूळ वाकडा हुतोय."

"आणि तो खडाक् खडाक् आवाज?"

"त्यो ह्या फटीचाच की!"

झालं! तो आवाज मला घरात हवाच होता. फट मोजली, करंगळीएवढी भरली. घरी येऊन चांगल्या अखंड काड्यांचे हॅक्सॉने तीन-तीन तुकडे केले आणि देवदारी खोक्याच्या पट्ट्यांवर चुका मारून ते बसवले. प्रत्येक सांध्यात करंगळीएवढी फट, इमानेइतबारे. चाक किती मोठं ते मोजायचं राहूनच गेलं. ते होतं चार आण्याच्या नाण्याएवढं.

गौरी जेवायच्या दिवशी सकाळी चावी दिली. खडाक्! एकदाच. इंजिन पहिल्याच फटीत नाक खुपसून बसलं.

"अहो, संध्याकाळी हळदीकुंकवाला अख्खी गल्ली येणारे!"

"उन्हात लोखंड फुगतं," मी बारीक आवाजात म्हणालो.

"मग गौरींना उन्हात बसवू का?"

बाजारात जाऊन दुसरी छत्री आणावी, तर सणामुळे दुकानं बंद. पुरणाचे हात धुऊन ती आली, खाली बसली, फटीकडे बराच वेळ बघत राहिली. मग अंबाड्यातला एक आकडा काढून तिने फटीवरून दोन्ही तुकड्यांच्या खोबणीत दाबला. इंजिन त्यावरून अलगद गेलं. मग दुसरा, तिसरा... फटी संपल्या तेव्हा तिच्या डोक्यात एकही आकडा उरला नव्हता.

संध्याकाळी गाडी गौरींभोवती फिरली. न पडता, आणि बिनआवाज. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. शेजारच्या काकूंची नजर मात्र गाडीवरून हिच्या डोक्याकडे गेली.

"गाडी छानच गं, पण तुझा अंबाडा असा का सुटलाय?"

ही माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आत्ताच एक फेरी मारून आले ना काकू. खिडकीपाशी बसले होते."