भाजणी आणि बदली

आमच्या मराठी बायकांच्या मंडळीचा खरा वैरी म्हणजे 'बदली' हा शब्द. स्वातंत्र्यानंतर चारेक वर्षांनी कलकत्त्यात बेहाल्याला आमच्या व्हरांड्यात आम्ही चकलीची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करून विकायला लागलो. मालकीण कुणीच नाही. सगळ्यांनी राबायचं आणि मिळेल ते सारखं वाटून घ्यायचं. मुलं घरातसुद्धा बंगाली बोलायला लागली होती. निदान त्यांच्या जिभेला मराठी चव तरी राहावी, हा माझा हट्ट.

पण माझ्याखेरीज साऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या बायका. कुठली डाळ किती भाजायची हे हाताला कळेपर्यंत वर्ष जातं, आणि कळलं रे कळलं की नवऱ्याची बदली! एक नागपूरला गेली, एक मद्रासला. नवी आली की येरे माझ्या मागल्या. मी इथंच जन्मलेली, कुठं जाणार नव्हते. पण भाजणी माझ्या हातून हमखास करपायची.

एका वर्षी दिवाळी तोंडावर आली असताना आमच्यातल्या सर्वांत चांगलं भाजणाऱ्या वहिनी संदेश मिठाईचा डबा घेऊन हसत आल्या. म्हणाल्या, "दिल्ली!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हावड्यापर्यंतच्या मराठी घरांना भाजणी कबूल करून बसलो होतो आम्ही!

पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेली एक बाई आमच्याकडे रोजावर दळायला यायची. वहिनींच्या शेजारी बसून बसून ती भाजायलाही शिकली होती. मी म्हटलं, "हिलाच मंडळीत घेऊ या. आपल्या बरोबरीनं."

"अगंबाई, मासे खाणारी?" वहिनी म्हणाल्या. "आपल्याला आपली चव राखायचीय ना?"

"तुम्ही निघालात दिल्लीला. मग कुणाच्या हातची चव राखू मी?"

"अहो, बदलीवर नवी कुणीतरी येईलच की," दुसरी म्हणाली.

जात्याशी बसलेल्या त्या बाईला मराठी तुटकंच कळायचं, पण बदली हा शब्द बंगालीतही तोच. तिनं हात थांबवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आमार बदली होबे ना, दिदी. जाबो कोथाय?"

याचं मराठी करून सांगायची गरज कुणालाच पडली नाही. मी म्हटलं, हिला घ्यायचं असेल त्यांनी हात वर करा. व्हरांड्यात एकच हात वर झाला, माझा.