ताईला सांगितलेली मालिका

फोन भाचीचा होता. "मामा, मम्मी नहीं रहीं..." एवढंच म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलायला जीभ वळत नाही. महिना होऊन गेला त्याला. तरी अजून टीव्हीवर हशा झाला की माझी मान आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडे जाते. लहानपणी ताई अशीच दारात उभी असायची ना, हातात सांडशी घेऊन.

हिंदी मुलखातल्या आमच्या गावी, दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत गल्लीतला पहिला टीव्ही आला, तेव्हा मी आठ वर्षांचा, ताई चौदाची. दर शुक्रवारी संध्याकाळी एक विनोदी मालिका लागायची. नवरा, बायको, त्यांचा वांड मुलगा आणि त्याची मोठी बहीण. अर्धी गल्ली आमच्याकडे जमायची, आणि घरी आलेल्याला चहाशिवाय पाठवणं आईच्या स्वभावातच नव्हतं. चहा अर्थातच ताईने करायचा. बाबा फॅक्टरीतून थकून आलेले, आई शेजारच्या भाभीजींजवळ, आणि मी सगळ्यांच्या पुढे, नवरदेवासारखा मांडी घालून. बाहेर हशा पिकला की ताई धावत दारात यायची. "काहून हसून राहिले रे सगळे?" तोवर विनोद होऊन गेलेला असायचा आणि मागे चहा उतू.

एक तरी भाग अख्खा बघायचा, एवढीच तिची हौस. ती काही पुरी झाली नाही. म्हणून शनिवारी शाळेच्या वाटेवर मी तिला भाग सांगायचो. आता खरं सांगून टाकतो. त्या मालिकेतल्या बहिणीला काही कामच नव्हतं. खोड्या भावाच्या, हशाही भावालाच. ती बिचारी ट्रे घेऊन यायची आणि जायची. हे ताईला कोणत्या तोंडाने सांगणार? मी खुशाल थापा मारायचो. भावाच्या सगळ्या खोड्या बहिणीच्या नावावर. तिने बापाच्या बुटात पाणी ओतलं, पाहुण्यांच्या चहात मीठ घातलं... ताई हसता हसता रस्त्यातच थांबायची. म्हणायची, पोरगी मोठी आगाऊ आहे बरं का.

मागच्या वर्षी भाचीने तिला मोबाइलवर तीच मालिका लावून दिली. ताईने पहिल्यापासून सगळे भाग बघितले आणि मला बोलावून घेतलं. मी पार ओशाळलो.

"तू सांगितलेलीच चांगली होती रे," म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

मी बसूनच राहिलो. इतक्या थापा सुचल्या मला जन्मात, पण 'ताई, तू बस, आज चहा मी ठेवतो' एवढं एक वाक्य सुचलं नाही. तेव्हाही नाही, त्या दिवशीही नाही. याचं फार वाईट वाटतं. आणि तिची आठवण तर विचारूच नका...

तिची सांडशी मी भाचीकडून मागून आणली. आता आमच्याकडे संध्याकाळचा चहा मीच ठेवतो. बाहेर टीव्ही चालू असतो, घरातले हसतात, मी सांडशी घेऊन लगबगीने दारात येतो. तोवर विनोद होऊन गेलेला असतो.