आत्याचा डावा हात

कोणतीही नवी वस्तू हाती आली की उमाआत्या ती आधी उलटी करायची. पाहुण्यांनी दिलेली फुलदाणी असो की सदर बाजारातून आणलेला डबा, बुडाशी नजर टाकल्याशिवाय तिच्या तोंडून कौतुक निघत नसे. “वरून सगळेच सजवतात. खालून पाह्यलं की समजते, बनवणाऱ्यानं मन लावलं होतं का,” असं ती म्हणायची.

ती बाबांची मोठी बहीण. जबलपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात तिनं सगळी नोकरी नकाशे ट्रेस करण्यात काढली. लग्न केलं नाही. माझी आई गेल्यावर ती जबलपुरातल्याच गोरखपूर भागात आमच्या घरी आली आणि तिनंच मला वाढवलं. तिला जाऊन आता दोन वर्षं झाली.

मी बारावी झाले त्या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. त्याच उन्हाळ्यात बाहेरगावच्या कॉलेजात डिझाइनच्या पदवीसाठी मी मुलाखत दिली. जागा मोजक्याच, मला नाकारलं. रडून झाल्यावर चित्रांची फाईल मी आत्यापुढे ठेवली. डाव्या हातानं एकेक पान तिनं सावकाश पाहिलं.

“सुंदर आहे,” ती म्हणाली. “पण हे सगळं कोणासाठी बनवून राहिली तू?”

मी फाईल मिटून कपाटात ठेवली.

डाव्या हातानं जेवणं तिला जमत नव्हतं. वरणभात चमच्यातून पदरावर सांडायचा. मी भरवायला गेले की तोंड फिरवायची. मग मी तिच्या डाव्या हातासाठी चमचे बनवायच्याच मागे लागले. पहिल्याची मूठ हातातून निसटली. दुसरा जड झाला. तिसरा दातांवर आपटला.

“काहून गं, दात पाडते काय माझे?”

चौथ्याची मान मी आत वाकवली, मुठीला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. त्या दुपारी तिनं अख्खी वाटी संपवली आणि रिकामी वाटी पुढे करून पुन्हा भात मागितला.

पुढच्या वर्षीच्या मुलाखतीला निघताना मी तो चमचा बॅगेत घालू लागले. “तो ठेव इथं,” आत्या म्हणाली. “चार दिवस मी जेवू कशानं? बिघडलेले ने. शिकली तर तू त्यांच्याकडूनच ना?”

तिन्ही फसलेले चमचे मी परीक्षकांसमोर मांडले. एका बाईंनी विचारलं, “और जो ठीक बना, वो कहाँ है?”

“घर पे. आत्या उसी से खाना खा रही होंगी.”

त्या हसल्या. मग बराच वेळ फक्त आत्याबद्दलच विचारत राहिल्या.

निवड झाली. पण यादीत नाव दिसताच मनात आलं, आत्याला साडी कोण नेसवणार? बाबा रेल्वेत, ड्यूटीचा भरवसा नाही. रोज सकाळी ते काम माझंच असे. “मी नाही जात,” मी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला खोलीत बोलावून स्टुलावर बसवलं. “हात लावायचा नाही,” तिनं बजावलं. पदराचं टोक दातांत धरून, भिंतीला टेकून, ती एका हातानं साडी नेसू लागली. निऱ्या दोनदा सुटल्या. मी उठले की नजरेनंच मला बसवायची. तिचं कपाळ घामानं भिजलं. मी मुलाखतीच्या तयारीच्या क्लासला गेले की ती रोज याचाच सराव करत असणार, हे मला तेव्हा कळलं.

अर्ध्या तासानं निऱ्या खोचून ती माझ्याकडे वळली.

“पाह्यलं? चलो, आता बॅग भर.”

एक निरी खाली लोंबत होती. ती नीट करायला माझा हात पुढे गेला. मी तो मागे घेतला आणि बॅग काढायला उठले.